एका थडग्याची अट

1846

विलॅमेट नदीच्या पूर्व काठावरून तुम्ही चढ चढत निघाला आहात. पायाखाली वाट अशी नाहीच. गाडीच्या चाकांनी दबलेलं गवत आहे आणि दोन्ही बाजूंना डग्लस फरची झाडं, इतकी उंच की शेंडा बघायला मान पार मागे टाकावी लागते. मागे वळून पाहिलंत तर नदीपलीकडे जंगल तोडून मोकळी केलेली जागा दिसते. झाडं गेली, बुंधे तसेच राहिलेत आणि त्यांच्यामधून मोजकी लाकडी घरं उभी आहेत. या वस्तीला पोर्टलंड म्हणायचं, हे गेल्याच वर्षी ठरलंय. एसा लव्हजॉय आणि फ्रान्सिस पेटीग्रोव्ह या दोन जमीनमालकांनी एक सेंटचं नाणं उडवून नावाचा निकाल लावला. लव्हजॉय यांना बॉस्टन हवं होतं, पेटीग्रोव्ह यांना आपल्या मेन प्रांतातलं पोर्टलंड. तीनपैकी दोनदा नाणं पेटीग्रोव्ह यांच्या बाजूने पडलं.

चढ संपतो तिथे एका शेतात खड्डा खणलेला आहे. एमर स्टीफन्स या वृद्ध गृहस्थांना आज पुरायचं आहे. त्यांचा मुलगा जेम्स खड्ड्याच्या कडेला उभा आहे. तो लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. पुढे नदीच्या या काठावर ईस्ट पोर्टलंड नावाचं गाव वसवणार आहे. अजून त्यातलं काही नाही. पूर्वेला जंगल आहे, पश्चिमेला नदी, आणि मधे माती ओढणाऱ्या फावड्यांचा आवाज.

इथे जमलेली माणसं काय पाहून आलीत, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. मिसुरीपासून ओरेगॉनपर्यंतची वाट सुमारे 3,200 किलोमीटरची. झाकलेल्या गाड्या, बैल आणि चार-सहा महिन्यांची चाल. वाटेत पटकीने, तापाने, नदी ओलांडताना किंवा गाडीच्या चाकाखाली माणसं मरत. त्यांना तिथेच पुरत आणि पुष्कळदा कबरीवरून मुद्दाम गाड्या नेत. जमीन सपाट दिसावी, लांडग्यांनी उकरू नये, म्हणून. बाईने आपलं मूल जिथे ठेवलं ती जागा तिच्याच डोळ्यांदेखत पुसली जाई, आणि काफिला पुढे निघे.

म्हणून या शेतातल्या खड्ड्याचं महत्त्व मोठं आहे. इथे कबर लपवायची नाही. माती ओढून झाल्यावर जागेवर खूण राहणार आहे, कारण माणसं आता पुढे जाणार नाहीत. मेलेल्याची खूण उघडी ठेवून त्याच्याजवळ राहायचं ठरलं, तेव्हा मुक्कामाचं गाव झालं.

तुम्ही उभे आहात ती जमीन मात्र कोणाची होती, हेही इथेच पाहून घ्या. याच वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने तह करून 49 व्या अक्षांशावर सीमा आखली आणि ओरेगॉन अमेरिकेच्या वाट्याला आलं. इथल्या चिनुक भाषक आणि कलापुया लोकांना कोणी विचारलं नाही. 1830 नंतरच्या काही वर्षांत बाहेरून आलेल्या तापाच्या साथीने त्यांची गावंच्या गावं रिकामी झाली होती. चिनुक लोक आपल्या मृतांना होडीत ठेवत. ती होडी झाडांच्या आधाराने उंचावर किंवा नदीतल्या बेटावर असे. त्या होड्या सांभाळाव्यात अशी अट नव्या मालकांना कोणी घातली नाही.

1854

आठ वर्षं झाली. ते शेत आता विकलं जातंय. घेणारे आहेत कोलबर्न बॅरेल. सौद्यात जमीन आहे, झाडं आहेत आणि एक अट आहे: एमर स्टीफन्स यांची कबर नव्या मालकाने नीट राखायची.

ही अट नीट लक्षात ठेवा. पुढच्या दीडशे वर्षांत या जागेवर जे जे घडेल, ते तिच्याशी ताडून पाहायचं आहे. जमीन हातोहात विकली जाणार, पीक बदलणार, कुंपणं सरकणार. पण एक माणूस तिथे निजला आहे आणि त्याच्या वतीने कोणीतरी बोललं आहे. दफनभूमी जपण्याचा सगळा विचार या एका अटीत सामावलेला आहे.

आता 8 एप्रिलच्या सकाळी नदीच्या वरच्या अंगाला चला. ओरेगॉन सिटीच्या धबधब्यापलीकडे कॅनेमाहच्या धक्क्याला गझेल नावाची आगबोट लागली आहे. नुकतीच बांधलेली, दोन्ही बाजूंना फिरती चाकं असलेली. बॅरेल तिच्या मालकांपैकी एक. माणसं चढताहेत, सामान चढतंय, आणि बॉयलरमधली वाफ पेलवेल त्यापेक्षा जास्त साठते आहे. तुम्ही धक्क्यावर लांब उभे राहा. पुढच्या क्षणी बॉयलर फुटतो. लाकूड, लोखंड आणि माणसं एकदमच हवेत उडतात. वीसहून अधिक लोकांचा जीव जातो. चौकशीसाठी नेमलेले पंच धोका ठाऊक असूनही वाफ वाढवत नेल्याचा ठपका बोटीच्या इंजिनियरवर ठेवतात.

मेलेल्यांमध्ये बॅरेल यांचे भागीदार क्रॉफर्ड डॉबिन्स आहेत. डेव्हिड फुलर नावाचे प्रवासीही आहेत. बॅरेल दोघांना आपल्या शेतात आणतात आणि एमर स्टीफन्स यांच्या शेजारी पुरतात. एका कबरीच्या तीन होतात. 1855 मध्ये बॅरेल तिथली दहा एकर जमीन दफनासाठी वेगळी काढतात आणि भागीदाराच्या स्मरणार्थ तिला माउंट क्रॉफर्ड हे नाव देतात. एका जागेची किंमत दहा डॉलर.

1866

आता दहाची तीस एकर झाली आहे. चढावर उभे राहिलात तर लाकडी क्रूस, फळ्यांवर कोरलेली नावं आणि मधूनमधून संगमरवरी शिळा दिसतात. लाकडाच्या खुणा ओरेगॉनच्या हवेत टिकायच्या नाहीत. इथला पाऊस फार जोराचा नसतो, पण हिवाळाभर हटत नाही. लाकूड तळाशी कुजतं, खूण आडवी होते, आणि पुढच्या वसंतात गवत तिच्यावरून वाढतं. एखाद्या घराला दगड परवडतो, एखाद्याला नाही, आणि कोणाचं नाव टिकणार याचा निवाडा तिथेच होऊन जातो.

बॅरेल ही दफनभूमी पोर्टलंड शहराला चार हजार डॉलरला देऊ करतात. शहर नको म्हणतं. कारण काय, तर जागा फार लांब आहे. नदीला पूल नाही. प्रेत तरीतून आणायचं, मग चढ चढायचा. तुम्ही आज या जागेच्या चारी बाजूंना दाट वस्ती पाहिली असेल, तर हा नकार ऐकून थबकाल. शेवटी काही गुंतवणूकदार ती विकत घेतात. नावही बदलतं. बॅरेल यांच्या पत्नी ऑरेलिया सुचवतात की इथे एकटंच फरचं झाड उभं आहे, तर ‘लोन फर’ म्हणावं. पूर्वी इथे फरचं जंगल होतं. वीस वर्षांत इतकं तोडलं गेलं, की उरलेल्या एका झाडावरून जागा ओळखली जाऊ लागली.

ते झाड अजून आहे.

1879

आज जिचं दफन आहे, तिच्यामागून फार लोक चाललेले नाहीत. चॅरिटी लॅम हिचं नाव पंचवीस वर्षांपूर्वी साऱ्या ओरेगॉनला माहीत होतं. 1852 मध्ये नवऱ्याबरोबर आणि मुलांबरोबर तीही गाडीतून त्याच लांब वाटेने आली. नवरा मारहाण करणारा होता. जीव घेण्याची धमकी देत असे. 1854 च्या मे महिन्यात, सगळे जेवायला बसलेले असताना, तिने कुऱ्हाडीने त्याच्या डोक्यावर वार केले. तो मेला. ओरेगॉन प्रदेशात खुनाबद्दल दोषी ठरलेली ती पहिली स्त्री. शिक्षा जन्मठेपेची. तुरुंगात ती एकटीच बाई होती आणि तिथे तिला धुणं धुवायला लावत. पुढे तिला डॉ. जेम्स हॉथॉर्न यांच्या मनोरुग्णालयात पाठवलं. तिथेच ती वारली.

हे रुग्णालय नदीच्या याच काठावर, इथून जवळ आहे. राज्याकडून दर माणशी पैसे घेऊन डॉक्टर रुग्ण सांभाळतात. ज्यांचं प्रेत न्यायला घरचं कोणी येत नाही, त्यांच्या दफनाची सोय ते लोन फरमध्ये करतात. अशा 132 जणांची नोंद आहे. बहुतेकांच्या डोक्याशी दगड नाही.

1881 मध्ये डॉक्टर स्वतः इथेच येतील. त्यांच्या नावाचा रस्ता पोर्टलंडमध्ये आहे, सगळ्यांना ठाऊक असलेला. चॅरिटी लॅमही त्याच वाटेने आलेली वसाहतकार बाई. तिने तोच प्रवास केला, तीच धूळ खाल्ली, तेच हाल काढले. पण आद्य वसाहतकार म्हणून जेव्हा माळा घातल्या जातात, तेव्हा तिच्यासाठी कोणी माळ आणत नाही, कारण आणायची तर कुठे ठेवायची, तेच ठाऊक नसतं.

1889

दफनभूमीत फिरताना एका दगडापाशी तुमचे पाय थांबतील. त्यावर एक पुरुष आणि एक बाई कोरलेली आहेत, एकमेकांचा हात हातात घेऊन. एमर यांचा मुलगा जेम्स आणि त्याची बायको एलिझाबेथ. ती 1887 मध्ये गेली, तो आता. ज्या बापाच्या कबरीने ही जागा सुरू झाली, त्याच्या मुलाचंही थडगं आता इथे झालं.

थोडं पुढे मॅक्ले कुटुंबाचं समाधिगृह आहे, गॉथिक वळणाचं, टोकदार कमानींचं. डोनाल्ड मॅक्ले या व्यापाऱ्याने 1877 मध्ये पत्नीसाठी ते बांधलं आणि त्यावर 13,500 डॉलर खर्च केले. 1846 मध्ये ज्या काठावर नुसतं जंगल होतं, तिथे तीस-एक वर्षांत किती पैसा आला, हे या एका इमारतीवरून कळतं. नाणेफेकीत हरलेले एसा लव्हजॉय यांनाही 1882 मध्ये इथेच पुरलं. शहराला आपल्या पसंतीचं नाव देता आलं नाही, पण त्याच शहराच्या मातीत त्यांना जागा मिळाली.

हा पैसा कोणाच्या श्रमाने आला, ते पाहायला नैर्ऋत्य कोपऱ्यात या.

1890 चं दशक, एप्रिल

वसंतातला छिंगमिंगचा सण आहे. पितरांची थडगी झाडून पुसून नैवेद्य दाखवायचा दिवस. मॉरिसन स्ट्रीट आणि 20 वा अॅव्हेन्यू मिळतात त्या कोपऱ्यात, ब्लॉक 14 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यात चिनी माणसं जमली आहेत. भाजलेलं मांस, भात, चहा, उदबत्त्या. कागदी नोटा जळताहेत. राख वाऱ्यावर उडून कुंपणापलीकडे जाते आहे.

पोर्टलंडमधली चिनी वस्ती या काळात अमेरिकेतली सॅन फ्रान्सिस्कोनंतरची सर्वांत मोठी. बहुतेक माणसं दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातली. त्यांनी रेल्वेचे रूळ टाकले, कोलंबिया नदीकाठच्या कारखान्यांत सामन मासा डबाबंद केला, जंगल तोडलं, बुंधे उपटले, भाजीचे मळे केले, कपडे धुतले. 1882 मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायची बंदी केली. 1943 पर्यंत ती उठली नाही. बायकोमुलांना आणायची वाट बहुतेकांसाठी बंद झाली. काम इथे, घर तिकडे, आणि मरण आलं तर या कोपऱ्यात.

पण या माणसांच्या हिशेबात ही जागा तात्पुरती होती. काही वर्षांनी कबर उकरायची, अस्थी काळजीपूर्वक गोळा करायच्या, पेटीत भरायच्या, हाँगकाँगमार्गे गावी पाठवायच्या आणि पूर्वजांच्या शेजारी ठेवायच्या. यासाठी चिनी संघटना वर्गणी गोळा करत, याद्या ठेवत. परदेशातल्या अशा दफनांत कित्येकदा विटेवर माणसाचं नाव आणि गाव लिहून ती वीट प्रेताबरोबर ठेवत. जमिनीवरची खूण पुसली गेली तरी जमिनीखालचं नाव राहावं, ही दूरदृष्टी. एमर स्टीफन्स यांच्यासाठी सौद्यात अट घालता आली, कारण जमीन विकणारे-घेणारे त्यांच्यातलेच होते. या माणसांना जमिनीच्या व्यवहारात आवाज नव्हता. त्यांनी आपली अट आपल्याच लोकांवर घातली: मला घरी न्या.

ती पुष्कळांच्या बाबतीत पाळली गेली. बायका आणि मुलं मात्र सहसा मागे राहिली, कारण अस्थी परत नेण्याची रीत मुख्यतः पुरुषांसाठी होती.

1928 ते 1948

दफनभूमी मल्टनोमा काउंटीच्या ताब्यात गेली आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभार. नव्या जागा विकून होणारं उत्पन्न आटलंय. खाजगी दफनभूम्या बहुतेक अशाच मोडतात. जागा विकायच्या असतात तोवर पैसा येत राहतो. सगळ्या भरल्या की गवत कापायलाही पैसा उरत नाही. शिळा कलंडतात, झाडांची मुळं त्यांना उचलतात, नोंदवह्या ओलीने खराब होतात किंवा हरवतात.

1928 मध्ये ब्लॉक 14 मधून पुष्कळ अस्थी काढून चीनला गेल्या. 1948 मध्ये काउंटीला तो कोपरा रिकामा हवा आहे. उरलेल्या कबरी उकरल्या जातात. तिकडे चीनमध्ये यादवी युद्ध अखेरच्या टप्प्यात आहे. गावाकडे जायच्या रस्त्याची खात्री राहिलेली नाही. तुम्ही कोपऱ्यावर उभे राहून पाहता तेव्हा कागदावर सगळं रीतसर चाललंय. परवानगी आहे, माणसं आहेत, पेट्या आहेत. काम संपतं आणि काउंटी जाहीर करते की ब्लॉक 14 मध्ये आता कोणी नाही.

एकेक कबर मोजून, यादीशी ताडून कोणी हे म्हटलेलं नाही. ज्यांची नावं यादीतच नव्हती, त्यांना शोधणार कोण?

1950 चं दशक

त्याच कोपऱ्यावर काउंटीच्या कचेरीची इमारत उभी राहते, मॉरिसन बिल्डिंग. भोवती डांबर ओतून गाड्या लावायची जागा. सकाळी लोक गाड्या लावतात, कामावर जातात, संध्याकाळी घरी परततात. त्यांच्यापैकी कोणाला दोष द्यायचा कारण नाही. खाली काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. कुंपणाच्या आत, पलीकडे, मॅक्ले यांचं समाधिगृह आणि जेम्स-एलिझाबेथ यांची शिळा जागच्या जागी आहेत. एकाच दफनभूमीच्या एका भागाला ऐतिहासिक ठेवा म्हणायचं आणि दुसऱ्यावर डांबर ओतायचं, हे याच शहरात, एकाच कारभाराखाली झालं.

2004 ते 2007

काउंटीला इमारत नकोशी झाली आहे. कोपरा विकून तिथे नवं बांधकाम करू द्यायचा बेत आहे. तुम्ही लोकांच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसला आहात. शेजारच्या वस्तीतले लोक आले आहेत आणि पोर्टलंडच्या चिनी समाजातली माणसंही. त्यांचं म्हणणं एकच: तिथे आमची माणसं असतील. आधी बघा.

पुरातत्त्व अभ्यासक खोदतात. डांबर निघतं, भराव निघतो, आणि त्याखाली माणसांचे अवशेष सापडतात. कागदावर रिकामी झालेली जागा रिकामी नव्हती.

यानंतरचा निर्णय पोर्टलंडच्या श्रेयाचा आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. विक्री थांबली. इमारत पाडली. 2007 मध्ये तो कोपरा मेट्रोकडे सोपवला आणि पुन्हा दफनभूमीला जोडला. मेट्रो ही पोर्टलंड परिसराची लोकांनी निवडलेली प्रादेशिक संस्था. लोन फरसकट 14 जुन्या दफनभूम्या ती सांभाळते. त्याच वर्षी लोन फरची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. 2019 मध्ये परिसरातल्या मतदारांनी उद्यानं आणि निसर्गासाठी 47 कोटी 50 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना कौल दिला. त्यातले 40 लाख डॉलर ब्लॉक 14 वरच्या स्मारक-उद्यानासाठी राखले गेले. चिनी स्थलांतरितांसोबत मनोरुग्णालयातल्या रुग्णांचीही आठवण तिथे व्हावी, असा त्यामागचा विचार आहे.

आज

आता तुमच्या हातात ब्रश आहे. लोन फरच्या मित्रमंडळाचे स्वयंसेवक दगड स्वच्छ करतात, त्यांच्यात तुम्ही गुडघे टेकून बसला आहात. समोर संगमरवराची शिळा. तिच्यावर शेवाळ आणि दगडफुलाचे हिरवे-करडे डाग. पहिली इच्छा होते ती तारेच्या ब्रशने खसाखसा घासायची. तसं करायचं नाही. ब्लीच लावायचं नाही, जोराच्या पाण्याचा फवारा मारायचा नाही, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फासायचा नाही.

आधी दगडावर तळहात हलकेच फिरवून पाहा. साखरेसारखे दाणे हाताला लागले, तर दगड आतून सुटत चाललाय. त्याला हात लावायचा नाही, जाणकाराला दाखवायचं. दाणे नाही लागले तर साध्या पाण्याने भिजवा. मऊ केसांचा ब्रश घ्या, खालून वर जा, पुन्हा पाणी घाला. खालून अशासाठी, की वरून ओघळणाऱ्या मळकट पाण्याचे पट्टे कोरड्या दगडात शिरले तर पुढे निघता निघत नाहीत. संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने तो विरघळतो. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुराने आम्ल झालेल्या पावसाने शंभर वर्षांत अक्षरांच्या कडा खाऊन टाकल्या आहेत. प्रत्येक धुण्यात थोडा दगड जातोच. म्हणून वारंवार धुवायचं नाही, आणि धुतलं की आधी-नंतरचं छायाचित्र काढून मजकूर लिहून ठेवायचा. ती नोंद दगडापेक्षा जास्त टिकेल.

मोडलेली शिळा सांधायची तर सिमेंट वापरायचं नाही. ते मऊ संगमरवरापेक्षा कडक असतं. थंडी-उन्हात ताण आला की सिमेंट शाबूत राहतं आणि दगड फुटतो. चुन्याचा सांधा करायचा, म्हणजे फुटलाच तर सांधा फुटेल, नाव वाचेल. कलंडलेल्या शिळेच्या मुळाशी कित्येकदा झाडाचं मूळ असतं. या तीस एकरांत शेकडो झाडं आहेत. झाड तोडायचं की दगड हलवायचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो, कारण झाडंही आता या इतिहासाचा भाग आहेत.

आणि ज्यांना दगडच नाही त्यांचं काय? लोन फरमध्ये 25,000 हून अधिक माणसं पुरलेली आहेत. त्यांतल्या सुमारे 10,000 जणांच्या कबरी कोणाच्या, हे आता सांगता येत नाही. जमिनीत लहरी सोडणारं रडार माती कुठे खणली गेली होती ते दाखवतं. तिथे कोण आहे ते दाखवत नाही. नावं सापडतात ती कागदांत: जुन्या दफन-नोंदवह्या, मृत्यूचे दाखले, वर्तमानपत्रांतल्या चार ओळी, रुग्णालयाची यादी, संघटनेचा जमाखर्च. हे काम ब्रश घेऊन बसण्याइतकं छायाचित्रात देखणं दिसत नाही. पण दगड धुणारे दहा आणि नोंदी लावणारा एक, हे प्रमाण उलटं व्हायला हवं.

माझं म्हणणं स्वच्छ आहे. वसाहतकारांची दफनभूमी जपायची तर पहिल्या गाडीतून आलेल्यांबरोबर त्यांच्यानंतर आलेल्यांचीही जपायला हवी. रूळ टाकणाऱ्यांची, कुऱ्हाड उचलावी लागलेल्या बाईची, घरच्यांनी न नेलेल्या रुग्णांची. 1854 मध्ये एका शेताच्या सौद्यात एका माणसासाठी घातलेली अट या तीस एकरांतल्या प्रत्येकाला लागू होते. ती पाळायला पोर्टलंडला दीडशे वर्षं लागली, आणि काम अजून संपलेलं नाही. ‘ऐतिहासिक’ हा शिक्का फक्त देखण्या समाधीला मिळणार असेल, तर त्या शिक्क्याला किंमत नाही.

पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो आणि बीव्हरटनमध्ये संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांत काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी हे शेवटचे शब्द. तुम्ही ज्या प्रदेशात घर केलं आहे, तिथे तुमच्याआधी दुसऱ्या खंडातून आलेल्या माणसांची दफनभूमी गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. दिवसा ती सगळ्यांसाठी उघडी असते. मुलांना घेऊन जा. जेम्स-एलिझाबेथ यांची शिळा दाखवा, मग नैर्ऋत्य कोपऱ्यात नेऊन तिथे काय घडलं तेही सांगा. स्वच्छतेच्या दिवशी दोन तास द्या. जुनी अक्षरं वाचायची, याद्या ताडायची सवय असेल तर त्याहून जास्त द्या. नाव हरवलेल्या 10,000 जणांपैकी एकाचं जरी नाव तुमच्या हातून परत मिळालं, तरी अट तेवढी पाळली गेली.